सह्या, नोटरी आणि एक एप्रिल

इलिनॉयमध्ये स्वतःचं घर असलेल्या प्रत्येकाला मालमत्ता कराचं बिल येतं. शिकागोजवळच्या आमच्या ड्यूपेज काउंटीत ते मे महिन्याच्या सुमारास येतं आणि दोन हप्त्यांत भरायचं, एक जूनमध्ये आणि दुसरा सप्टेंबरमध्ये. बिलावर ओळीने नावं असतात: काउंटी, टाउनशिप, शहर, फॉरेस्ट प्रिझर्व्ह, शाळा, कम्युनिटी कॉलेज, आणि त्या गर्दीत कुठेतरी पार्क डिस्ट्रिक्ट. बहुतेक लोक थेट तळाचा आकडा बघतात, दोन शिव्या हासडतात आणि पैसे भरून मोकळे होतात. या ओळींमागे निवडून आलेली माणसं बसलेली असतात, त्यांच्या सभा होतात आणि त्या सभांना कुणीही जाऊन बसू शकतं, हे मला इथे बरीच वर्षं राहूनही माहीत नव्हतं.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बागा आणि मैदानं नगरपालिकेचं एखादं खातं सांभाळतं. इलिनॉयचं तसं नाही. इथे पार्क डिस्ट्रिक्ट हे एक वेगळंच छोटं सरकार आहे. त्याची हद्द वेगळी, कर लावण्याचा अधिकार वेगळा, कर्जरोखे काढण्याचा अधिकारही वेगळा. शिकागो शहरात १९३४ साली असे २२ डिस्ट्रिक्ट एकत्र करून एकच मोठा केला. त्याचं मंडळ मात्र महापौर नेमतात. उपनगरांमध्ये मतदान होतं. पाच किंवा सात कमिशनर असतात, पगार शून्य, आणि निवडणूक विषम वर्षातल्या एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, शाळा मंडळ आणि लायब्ररीच्या निवडणुकांबरोबर. पक्ष नसतो, चिन्ह नसतं. गाजावाजा तर नसतोच.

मी त्यात पडले ते बाकांमुळे. आमच्या जवळच्या तळ्याभोवती चालायची वाट आहे. उन्हाळा आला की तिथे संध्याकाळी सगळे भारतातून आलेले आईवडील. सुती साडीवर पांढरे बूट घातलेल्या काकू, हात मागे बांधून चालणारे काका, कुणी तेलुगू, कुणी गुजराती, बरेचसे आपले. सहा महिन्यांसाठी आलेली ही माणसं दिवसभर घरात एकटी असतात आणि ही एक चक्कर हाच त्यांचा दिवस असतो. वाट नव्याने डांबरी केली तेव्हा मोडकळीला आलेले बाक काढले, आणि परत काही बसवले नाहीत. माझे सासरे गुडघ्यांमुळे अर्ध्या वाटेवरून माघारी यायला लागले. मी ईमेल केली, आभाराचं उत्तर आलं. मग कुणीतरी सांगितलं की मंडळाच्या सभेत तीन मिनिटं बोलता येतं.

गेले, बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, अध्यक्षांनी मान डोलावली आणि पुढचा विषय निघाला. बाहेर पडताना एक वयस्क कमिशनर बाई मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाल्या, "मी पुढच्या एप्रिलला उभी राहणार नाही. तीन जागांची मुदत संपतेय. तुम्ही कागद का घेत नाही?" मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला, पगार किती. शून्य म्हटल्यावर म्हणाला, "मग नक्की उभी राहा, आपल्याकडे फुकट कामाचा मंडळात भरपूर सराव आहे." तो बोलला ते खोटं नव्हतं. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून आहे, आणि गणपतीच्या जेवणाची यादी करताना माणसं कशी सांभाळायची याचं शिक्षण मी तिथेच घेतलं.

पात्रता साधी आहे. त्या हद्दीत नोंदलेला मतदार हवा आणि निवडणुकीआधी किमान एक वर्ष तिथे राहिलेला हवा. खरी परीक्षा कागदांची. एक उमेदवारीचं निवेदन, नोटरीसमोर शपथेवर. पिटिशनचे, म्हणजे या उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर यावं असं म्हणणाऱ्या मतदारांच्या सह्यांचे, कागद. आर्थिक हितसंबंधांचं एक निवेदन काउंटी क्लार्ककडे दाखल करायचं आणि त्याची पावती इथे जोडायची. शिवाय एक निष्ठेची शपथ, जी ऐच्छिक आहे. त्यात आपण कम्युनिस्ट संघटनेशी संबंधित नाही असं लिहिलेलं असतं. शीतयुद्ध संपून तीस वर्षं झाली तरी कागद काही निवृत्त झालेला नाही. मी तो कोराच ठेवला. बागेतल्या बाकांचा आणि मॉस्कोचा संबंध लावायची माझी तयारी नव्हती.

इलिनॉयमध्ये निवडणूक मतपेटीच्या बऱ्याच आधी, पिटिशनच्या टेबलावर लढली जाते. बराक ओबामांनी १९९६ साली राज्य सिनेटची पहिली निवडणूक लढवली तेव्हा त्यांच्या बाजूने प्रतिस्पर्ध्यांच्या सह्यांवर हरकती घेतल्या गेल्या, आणि प्राथमिक फेरीत मतपत्रिकेवर एकटं त्यांचंच नाव उरलं. ही गोष्ट इथला प्रत्येक जुना कार्यकर्ता नव्या उमेदवाराला सांगतो, आणि सांगताना डोळे मिचकावतो. म्हणून नियम पाठ करावे लागतात. सही करणारा त्याच हद्दीत, त्याच पत्त्यावर नोंदलेला मतदार पाहिजे. सही गोळा करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे, कागद शेजारणीकडे ठेवून "सगळ्यांच्या घेऊन ठेव गं" चालत नाही. प्रत्येक कागदाखाली गोळा करणाऱ्याने नोटरीसमोर सही करायची. पानांना क्रमाने आकडे घालायचे, आणि गठ्ठा नीट बांधायचा. पान क्रमांक राहिले म्हणून उमेदवारी गेलेली माणसं आहेत.

२०२५ च्या निवडणुकीसाठी सह्या २० ऑगस्ट २०२४ पासून घेता येणार होत्या. त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणपती बसले. मला वाटलं, सुंदर, मंडळाच्या उत्सवात एका दुपारी काम उरकेल. क्लिपबोर्ड घेऊन मी प्रसादाच्या रांगेशी उभी राहिले. लोक उत्साहाने पेन मागत होते, आणि मी एकेकाला परत पाठवत होते. कुणी शॉमबर्गहून आलेलं, कुणी ऑरोराहून. कुणी आमच्याच शहरात राहतं पण शेजारच्या पार्क डिस्ट्रिक्टच्या हद्दीत, कारण शहराची हद्द आणि पार्क डिस्ट्रिक्टची हद्द जुळतेच असं नाही. त्यापुढचे पत्ता बरोबर असलेले, पण एच-वन-बी वर. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-बारा वर्षं उभे, मुलं इथे जन्मलेली, पोहण्याच्या वर्गाचे पैसे भरणारे, मैदान भाड्याने घेऊन क्रिकेट खेळणारे, आणि सहीचा अधिकार नसलेले. "ताई, पैसे देऊ का त्याऐवजी?" एकाने विचारलं. ग्रीन कार्ड असेल तर ते घेता येतात, साध्या व्हिसावर असेल तर कायद्याने तेही घेता येत नाहीत. त्याचं ग्रीन कार्ड यायचं होतं.

या दुपारी मला जे दिसलं ते पुढे सगळ्या निवडणुकीभर दिसत राहिलं. बागा वापरणारे एक, आणि बागांचं ठरवणारे भलतेच. तळ्याभोवती चालणारे आजी-आजोबा पर्यटक व्हिसावर. मैदानावरची तरुण पोरं वर्क व्हिसावर. खेळायच्या घसरगुंडीवरची मुलं अठराच्या आतली. आणि एप्रिलमध्ये मत द्यायला नेमाने जाणारी मंडळी म्हणजे निवृत्त झालेली जोडपी, ज्यांची मुलं केव्हाच दुसऱ्या राज्यात गेलेली आहेत आणि ज्यांना पार्क डिस्ट्रिक्टकडून मुख्यतः एकच गोष्ट हवी असते, कर वाढू नये. ही माणसं वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट माझ्या बहुतेक सह्या त्यांच्याच आहेत. दार उघडून त्यांनीच कागद नीट वाचला, चष्मा शोधून आणला, आणि सही केल्यावर आत बोलावून पाणीही दिलं.

तेव्हा गणपतीनंतर मी दारोदार सुरुवात केली. काउंटी क्लार्ककडून मतदारयादी मिळते. त्यात कुणी कुठल्या निवडणुकीत मतदान केलं ते दिसतं, कुणाला केलं ते अर्थात नाही. मागच्या दोन-तीन एप्रिलच्या निवडणुकांना गेलेली नावं वेगळी काढली की घरं आपोआप कमी होतात. एका लांबलचक रस्त्यावर चार दारं. तो काळ अध्यक्षीय निवडणुकीचा. अंगणात ट्रम्प आणि हॅरिसच्या पाट्या, त्यांच्यामध्ये हॅलोविनचे सांगाडे, आणि त्या वर्षी दिवाळीही नेमकी त्याच आठवड्यात आल्यामुळे आमच्या लोकांच्या दारांत भोपळ्याशेजारी आकाशकंदील. दार उघडणारा प्रत्येक जण आधी दमलेल्या आवाजात विचारायचा, "तुम्ही कोणत्या बाजूच्या?" मी म्हणायचे, बागेच्या. त्यावर निम्मे लोक तरी हसायचे, आणि हसलेला माणूस सही करतो.

मात्र पार्क डिस्ट्रिक्ट म्हणजे काय हे कुणाला धड ठाऊक नसतं. मला लोकांनी रस्त्यावरचे खड्डे सांगितले, शाळेतला गणिताचा अभ्यासक्रम सांगितला, शेजाऱ्याच्या कुत्र्याची सविस्तर तक्रार केली. एका गृहस्थांनी जंगलातल्या हरणांबद्दल पंधरा मिनिटं सुनावलं, ती हरणं फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या हद्दीतली, म्हणजे आणखी एका वेगळ्या सरकारची. सुरुवातीला मी हे सगळं समजावून सांगायचे. मग थांबले. ऐकून घ्यायचं, योग्य ऑफिसचं नाव सांगायचं, आणि शेवटी विचारायचं की बागेत कधी जाता का. त्या प्रश्नावर प्रत्येकाकडे काही ना काही असतंच. कुणाच्या रस्त्यावरची ॲशची झाडं एमराल्ड ॲश बोरर नावाच्या हिरव्या भुंग्याने मारली (तो किडा इलिनॉयमध्ये २००६ साली सापडला, आणि त्यानंतर अख्ख्या गल्ल्या उघड्या पडल्या) आणि त्यांच्या जागी नवी झाडं कधी लावणार हा सवाल. कुणाला कॅनडा गीज नावाच्या पक्ष्यांची घाण नको. कुणाला पिकलबॉल हवा, आणि पिकलबॉलच्या कोर्टाशेजारी राहणाऱ्याला तो टॉक-टॉक आवाज मेल्यावरही ऐकू येईल असं वाटतं.

सह्या गरजेपेक्षा दुपटीहून जास्त घ्याव्यात असा सल्ला मला मिळाला होता आणि मी तो मानला. कामाचं गणित असं की दोन तासांत सहा-सात सह्या मिळाल्या तर दिवस चांगला गेला. नोटरी बँकेत फुकट मिळतो, पण शनिवारी दुपारी बाराला बँक बंद होते आणि नोटरी बाई नेमक्या त्या शनिवारी सुट्टीवर असतात. शेवटी माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे नोटरीचा शिक्का आहे असं कळलं, आणि आमच्या ओट्याशेजारच्या टेबलावर चहा-पोहे होऊन शिक्के बसले.

अर्ज भरायची मुदत १२ ते १८ नोव्हेंबर. पहिल्या दिवशी सकाळी आठला दार उघडतं तेव्हा जे रांगेत हजर असतील त्या सगळ्यांचे अर्ज एकाच वेळी आले असं धरतात, आणि मतपत्रिकेवर वरचं नाव कोणाचं हे चिठ्ठ्या काढून ठरतं. शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या तासाला आलेल्यांसाठीही अशीच चिठ्ठी असते, तळाच्या जागेसाठी. कारण ज्या निवडणुकीत कुणाला कुणी माहीत नसतं तिथे मतदार एकतर पहिल्या नावाला मत देतो नाहीतर शेवटच्या. मधली नावं म्हणजे लोकलमधली चौथी सीट. मी पहाटे साडेसहाला पार्क डिस्ट्रिक्टच्या ऑफिसबाहेर थर्मास घेऊन उभी. माझ्यापुढे एक विद्यमान कमिशनर, मागे एक निवृत्त अग्निशामक आणि एक तरुण वकील. आम्ही चौघांनी मिळून चहा प्यायला. चिठ्ठीत मला तिसरा नंबर आला. पाचवे गृहस्थ त्या आठवड्याच्या शेवटी आले आणि तळाची जागा घेऊन गेले. ते जुने होते, त्यांना सगळं ठाऊक होतं.

हरकती घ्यायला त्यानंतर पाच कामाचे दिवस मिळतात. शेवटच्या दिवशी माझ्या अर्जावर हरकत आली. एका मतदाराने घेतलेली, त्यांना मी ओळखत नव्हते, अजूनही ओळखत नाही. यादीत बऱ्याच सह्यांवर खुणा केलेल्या होत्या: हा पत्ता जुळत नाही, ही सही नोंदणीतल्या सहीशी जुळत नाही. खुणा केलेल्या नावांत एक साम्य दिसायला वेळ लागत नव्हता. देशपांडे, रेड्डी, पटेल, सुब्रमण्यम. मी यावर जास्त बोलणार नाही. कायद्याने दिलेला हक्क आहे, तो त्यांनी वापरला.

त्यात एक सही आमच्या गल्लीतल्या एका आजींची होती. लेकीने बोलावून घेतलेल्या, पंचाहत्तरीत परीक्षा देऊन नागरिक झालेल्या. मतदार नोंदणीच्या कार्डावर त्यांनी मोठ्या कष्टाने इंग्रजीत सही केलेली, आणि माझ्या कागदावर झोकात देवनागरीत. त्यामुळे जुळणार कशी? मी त्यांच्याकडे गेले. म्हणाल्या, "अगं, आपल्या पोरीच्या कागदावर आपली सही नको का करायला? ती दुसरी सही मी फक्त बँकेत करते." अशा वेळी सही करणाऱ्याने शपथपत्र दिलं तर ती सही वाचू शकते. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, बाहेर सगळं सामसूम असताना, आजींनी नोटरीसमोर दोन्ही लिप्यांत सही केली आणि खाली तारीख घातली. आणखी काही जणांकडूनही शपथपत्रं घेतली. सुनावणीला मी वकील न घेता गेले, कारण जास्तीच्या सह्या होत्याच. हरकतीतल्या खुणा सगळ्या मान्य केल्या असत्या तरी आकडा पुरत होता. अर्ध्या तासात अर्ज वैध ठरला. देवनागरी सहीचा मुद्दा त्यामुळे निकालातच आला नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. आजींनाही वाटलं. त्यांना साक्ष द्यायची होती.

डिसेंबर-जानेवारीत प्रचार नावालाच. उणे पंधरा अंशांत दार वाजवलं तर मत मिळत नाही, कीव मिळते. तो वेळ मी जुनी इतिवृत्तं आणि अंदाजपत्रक वाचण्यात घातला, आणि निवडणुकीतला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग तोच ठरला. पैसा कसा येतो ते तिथे कळलं. साधारण अर्धा हिस्सा करातून, बाकीचा वर्गांच्या आणि सदस्यत्वाच्या फीमधून. हे प्रमाण गावोगाव वेगळं असतं. कराची वाढ राज्याच्या कायद्याने बांधलेली, पाच टक्के किंवा महागाईचा दर यांपैकी जे कमी असेल ते. नवी बाग हवी असेल तर राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं एक अनुदान आहे, त्यात साधारण निम्म्यापर्यंत खर्च ते देतात, बाकीचा पैसा आपण उभा करायचा. आणि बिलात एक छोटा वेगळा कर दिसला, अपंग मुलामाणसांच्या खेळासाठी. इलिनॉयमध्ये शेजारशेजारचे डिस्ट्रिक्ट एकत्र येऊन त्यासाठी संयुक्त संस्था चालवतात, आणि याची सुरुवात शिकागोच्या उत्तरेकडच्या उपनगरांत १९७० साली झाली. माझ्या मैत्रिणीचा ऑटिझम असलेला मुलगा ज्या बसने उन्हाळी शिबिराला जातो ती बस या ओळीतून चालते. इतकी वर्षं ती बस मी बघत होते.

पाच हजार डॉलरच्या वर पैसे जमवले किंवा खर्च केले तर राज्याकडे समिती नोंदवून हिशोब द्यावे लागतात. मी त्याच्या बरीच खाली राहिले. अंगणात रोवायच्या पाट्या, पोस्टकार्डं आणि थोडा पेट्रोलचा खर्च. पाटीवर माझं पूर्ण नाव बसेना. छापणाऱ्याने सुचवलं, नुसतं पहिलं नाव टाका, मोठं दिसेल. मी आडनावच मोठं टाकलं. मतपत्रिकेवर लोक शेवटी तेच शोधणार होते, आणि पाटीवरची अक्षरं डोळ्यांत बसली तर तिथे अडखळणार नव्हते. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच मजकूर फिरवला. आपली हद्द तपासा, नोंदणी तपासा, आणि तीन मतं द्यायचा अधिकार असला तरी तिन्ही द्यायलाच हवीत असं नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. तीन जागांसाठी मतदार जास्तीत जास्त तीन मतं देऊ शकतो. माझ्या लोकांनी मला एक मत दिलं आणि उरलेली दोन सहज दुसऱ्यांना दिली, तर ती माझ्याच विरोधात जातात. हा हिशोब काही जणांना असभ्य वाटला. एक काका म्हणाले, "तीन दिलेत तर तीन वापरायला हवेत, फुकट का घालवायचे?" त्यांना पटवण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि ते पटले नाहीतच.

मार्चमध्ये लीग ऑफ विमेन व्होटर्सने उमेदवारांची सभा घेतली. ही संस्था १९२० साली शिकागोतच स्थापन झाली, आणि अशा छोट्या निवडणुकांची एकमेव गंभीर सभा बहुधा तिचीच असते. दीड मिनिटात उत्तर, समोर हिरवं, पिवळं, लाल कार्ड. विचारलं, जलतरण तलाव तोट्यात चालतो, काय कराल? वकील म्हणाले खासगी कंपनीला द्या. अग्निशामक म्हणाले फी वाढवा. मी म्हटलं, तलाव तोट्यातच चालायचा असतो, नफ्यात चालणारा तलाव म्हणजे क्लब. मग सकाळचे रिकामे तास ज्येष्ठांसाठी कसे भरता येतील ते सांगितलं. लाल कार्ड वर गेलं तेव्हा मी "आणि" पर्यंत पोचले होते. सभेला श्रोते थोडेच होते, त्यातले अर्धे उमेदवारांचे नातेवाईक. तरी चित्रफीत पाहून नंतर लोक भेटले, म्हणजे कुणीतरी पाहिली.

३० मार्चला गुढीपाडवा, १ एप्रिलला मतदान. एप्रिल फूलच्या दिवशी निवडणूक आहे हे सांगितलं तर अर्ध्या लोकांना मी थट्टा करतेय असं वाटलं. मतदान केंद्राच्या शंभर फुटांच्या आत प्रचार करता येत नाही. रेषेच्या बाहेर गार वाऱ्यात मी आणि तो तरुण वकील दिवसभर उभे होतो. दुपारी त्याची आई त्याला सूप घेऊन आली, तिने मलाही दिलं. मतदार तुरळक. दिवसभरात आलेल्यांत मला ओळखून थांबलेले जास्त करून तेच, ज्यांनी शरद ऋतूत दार उघडून सही केली होती. सह्या गोळा करणं म्हणजे प्रचाराची पूर्वतयारी असं मी समजत होते. प्रत्यक्षात प्रचार तोच होता.

रात्री काउंटीच्या संकेतस्थळावर आकडे आले. विद्यमान कमिशनर आणि तळाच्या जागेवरचे जुने गृहस्थ निवांत पुढे. तिसऱ्या जागेसाठी मी आणि अग्निशामक, फरक इतका थोडा की त्याला आघाडी म्हणायला जीभ रेटेना. इलिनॉयमध्ये मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपाली शिक्का असलेली मतपत्रिका पुढचे चौदा दिवस आली तरी मोजतात. त्या दोन आठवड्यांत आकडा हलत राहिला. कधी मी वर, कधी ते. सासरे रोज सकाळी उठून विचारायचे, "आज काय भाव?" शेवटी मी थोडक्या मतांनी राहिले. अग्निशामकांनी स्वतः फोन केला, आणि म्हणाले की झाडांच्या समितीवर तरी ये, तुझ्याकडे गल्ल्यांची यादी तयार आहे. ते खरंच होतं, दारोदार फिरताना कुठली झाडं गेली ते मी टिपून ठेवलं होतं.

मे महिन्यात ते आणि वकील दोघेही मंडळावर होते. वकिलाचा कसा नंबर लागला? एका कमिशनरने नोकरीसाठी राज्य सोडलं. मधेच रिकामी झालेली जागा पुढच्या निवडणुकीपर्यंत मंडळच नेमणुकीने भरतं. मीही त्यासाठी अर्ज केला होता, मुलाखतही दिली होती. मंडळाने चौथ्या नंबरच्या उमेदवाराला सोडून पाचव्या नंबरचा निवडला. कायद्याने त्यांना ते स्वातंत्र्य आहे. मला ते आवडलं नाही आणि मी पुढच्या सभेत माझ्या तीन मिनिटांत तसं सांगितलं, नावं न घेता, आवाज न चढवता. त्यानंतर झाडांच्या यादीवर बोलले. बाकांसाठी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात रक्कम धरली आहे, कुठे बसवायचे त्यावर अजून घोळ चाललाय.

डिसेंबरच्या सभेत कराची मागणी मंजूर झाली. महागाईचा दर २.९ टक्के धरून तेवढीच वाढ. विरोधात बोलायला आलेल्यांत माझ्या पिटिशनवर सही केलेले दोन जण होते. एकाने मला विचारलं, तू असतीस तर हात वर केला असतास का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, बरं झालं निवडून आली नाहीस, आणि मग दोघेही हसलो, कारण आदल्याच महिन्यात त्यांनी मला त्यांच्या रस्त्यावर झाड कधी लावणार म्हणून फोन केला होता.

पुढची निवडणूक ६ एप्रिल २०२७ ला आहे, म्हणजे सह्या २०२६ च्या ऑगस्टपासून. मी उभी राहणार की नाही ते अजून ठरवलेलं नाही. पण शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या दोघी, एक नाशिकची आणि एक हुबळीची, लायब्ररी बोर्डासाठी विचार करतायत आणि परवा मला फोन करून सुरुवात कुठून करायची ते विचारत होत्या. मी म्हटलं, आधी शनिवारी मिळणारा नोटरी शोधून ठेवा, बाकीचं चहाला या तेव्हा सांगते.